क्वार्ट्झच्या पृष्ठभागावर धातूचे आसंजन
रासायनिक संस्कारांचे स्वरूप व त्यांमागील तत्त्वे

क्वार्ट्झ आणि सोने ही दोन्ही द्रव्ये प्रयोगशाळेला प्रिय झाली ती त्यांच्या निष्क्रियतेमुळे. हायड्रोफ्लुओरिक आम्ल वगळले तर बहुतेक आम्लांना क्वार्ट्झ दाद देत नाही; सोने हवेत गंजत नाही आणि पाण्यात बदलत नाही. परंतु ज्या गुणामुळे ही द्रव्ये एकेकटी उपयुक्त ठरतात, त्याच गुणामुळे ती एकमेकांस धरून राहत नाहीत. क्वार्ट्झच्या स्वच्छ चकतीवर निर्वातात सोन्याचा लेप चढविला, तर तो आरशासारखा चकचकीत दिसतो. पण त्यावर साधी चिकटपट्टी दाबून ओढली की सारा लेप पट्टीबरोबर निघून येतो. कित्येकदा पट्टीचीही गरज पडत नाही. पाण्यात काही काळ ठेवताच लेपाच्या कडा उचलल्या जातात आणि भिंतीवरील जुन्या चुन्याप्रमाणे त्याचे पोपडे निघू लागतात.

ही अडचण केवळ कारागिरीची नव्हे. पिएर व झाक क्यूरी ह्या बंधूंनी १८८० मध्ये दाबविद्युत्‌ परिणामाचा शोध लावला. त्यावर आधारलेल्या क्वार्ट्झ-आंदोलकांवर दोन्ही बाजूंस धातूची विद्युदग्रे बसवावी लागतात. ग्युंटर झाउअरब्राय ह्यांनी १९५९ मध्ये असे दाखविले की, आंदोलकाच्या पृष्ठभागावर बसलेले अत्यल्प वस्तुमान व त्याच्या कंप्रतेत होणारी घट ही समप्रमाणात असतात. ह्या तत्त्वावर चालणाऱ्या सूक्ष्मतुलेत ५० लक्ष हर्ट्झ कंप्रतेचा आंदोलक वापरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर १७.७ नॅनोग्रॅम वस्तुमान बसल्यास कंप्रता १ हर्ट्झने उतरते. आता सोन्याच्या १०० नॅनोमीटर जाडीच्या विद्युदग्राचा विचार करू. सोन्याची घनता दर घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम आहे. तेव्हा ह्या विद्युदग्राचे वस्तुमान दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १९३ मायक्रोग्रॅम भरते. त्याचा केवळ सहस्रांश भाग सुटून गेला, तर १९३ नॅनोग्रॅम वस्तुमान कमी होईल आणि कंप्रता सुमारे ११ हर्ट्झने वाढेल. दुसरीकडे, सोन्यावर हेक्झाडेकेनथायॉलचा संपूर्ण एकरेणवीय थर बसला, तर त्याचे वस्तुमानही दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १९५ नॅनोग्रॅमच असते आणि त्यामुळे कंप्रता तितकीच उतरते. म्हणजे ज्या प्रयोगात रेणूंचा एक संपूर्ण थर बसला, त्याच प्रयोगात विद्युदग्राचा हजारावा हिस्सा निसटला, तर हे दोन परिणाम एकमेकांस छेद देतील आणि उपकरण ‘काहीच घडले नाही’ अशी साक्ष देईल. आसंजन नीट नसेल, तर मापन केवळ अशक्य होते असे नाही. ते खोटे ठरते, आणि ते खोटे आहे हे कळावयास मार्ग राहत नाही.

तेव्हा धातू क्वार्ट्झला का चिकटत नाही आणि क्वार्ट्झच्या पृष्ठभागावर कोणता रासायनिक संस्कार केला असता तो चिकटेल, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. आसंजनाचे ऊर्जागणित

दोन पृष्ठभाग परस्परांपासून विलग करावयास दर एकक क्षेत्रफळामागे जे कार्य करावे लागते, त्यास आसंजन-कार्य म्हणतात. द्युप्रे ह्यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या संबंधानुसार, दोन्ही पदार्थांच्या पृष्ठीय ऊर्जांची बेरीज करून तीतून त्यांच्या सामाईक सीमेची ऊर्जा वजा केली असता हे कार्य मिळते. थॉमस यंग ह्यांनी १८०५ मध्ये सांगितलेला स्पर्शकोनाचा नियम ह्यास जोडला, तर द्रव धातूसाठी पुढील सोपे सूत्र हाती येते :

आसंजन-कार्य = धातूचा पृष्ठताण × (१ + स्पर्शकोनाची कोज्या)

वितळलेल्या सोन्याचा पृष्ठताण दर चौरस मीटरला सुमारे १.१४ जूल असून सिलिकेवर त्याचा स्पर्शकोन सुमारे १४० अंश असतो. ह्या कोनाची कोज्या –०.७७ आहे. त्यावरून आसंजन-कार्य दर चौरस मीटरला सुमारे ०.२६ जूल येते. सोन्याचे सोन्याशी असलेले संसक्ति-कार्य पृष्ठताणाच्या दुप्पट, म्हणजे २.२८ जूल होय. सोन्यास स्वतःविषयी जी ओढ आहे, तिच्या जेमतेम नवव्या हिश्शाइतकी ओढ त्यास सिलिकेविषयी वाटते. सोन्याचा पातळ लेप तापविला असता तो फाटून त्याचे सूक्ष्म मणी का बनतात, ह्याचे कारण ह्यातच आहे. सिलिका झाकण्यापेक्षा स्वतःत गोळा होऊन राहणे सोन्यास ऊर्जेच्या दृष्टीने परवडते.

०.२६ जूल ही राशी लहान आहे हे खरे. पण ती पुरेशी का नाही, हे लेपातील ताणांकडे पाहिल्याशिवाय उमगणार नाही. संगलित क्वार्ट्झचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला दशलक्षांश ०.५५ एवढा आहे. सोन्याचा दशलक्षांश १४.२ आहे. २० अंशांस चढविलेला लेप २०० अंशांपर्यंत तापविला, तर ह्या दोन प्रसरणांतील फरकामुळे लेपात सुमारे ०.२५ टक्के विकार साठतो. सोन्याचा द्विदिश स्थितिस्थापकतांक सुमारे १४० अब्ज पास्कल धरला, तर १०० नॅनोमीटर जाडीच्या लेपात दर चौरस मीटरला सुमारे ०.०८ जूल ऊर्जा साठते. ही ऊर्जा लेपाच्या जाडीच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जाडी ३०० नॅनोमीटरच्या पलीकडे गेली, की साठलेली ऊर्जा आसंजन-कार्यास ओलांडते. ह्यापुढे बाहेरून कोणी ओढण्याची गरज उरत नाही. लेप स्वतःच्या ताणानेच सुटू शकतो. प्रत्यक्षात सोने काही अंशी सैलावते आणि ताण थोडा ओसरतो. म्हणून वरील आकडा केवळ अंदाजाचा समजावा. तथापि, पातळ असताना टिकून राहणारा लेप जाड केला की का निघतो, हा नेहमीचा अनुभव त्यावरून उलगडतो. स्फटिकी क्वार्ट्झचे प्रसरण संगलित क्वार्ट्झपेक्षा पुष्कळच अधिक असल्यामुळे तेथे हा दोष सौम्य असतो.

२. ऑक्सिजनची मध्यस्थी

आपल्या घरोघरी चालत आलेली कल्हईची क्रिया ह्या संदर्भात आठवण्यासारखी आहे. कल्हईवाला तांब्या-पितळेचे भांडे तापवून त्यावर नवसागर घासतो आणि मगच कथील फिरवितो. तापलेल्या नवसागरातून निघणारे हायड्रोजन क्लोराइड धातूवरील ऑक्साइडचा थर खाऊन टाकते. कथलाची गाठ उघड्या धातूशी पडते आणि धातूस धातू मिळतो. क्वार्ट्झच्या बाबतीत हा उपाय चालण्यासारखा नाही. कारण येथे ऑक्साइड हा वरचा मळ नसून तो अंगभूत पदार्थच आहे. तो कितीही खरवडला तरी खाली पुन्हा ऑक्साइडच लागणार. तेव्हा ऑक्साइड दूर करण्याऐवजी त्याच्याशी जुळवून घेईल असा मध्यस्थ शोधणे, एवढाच मार्ग उरतो.

कोणता धातू ऑक्साइडशी जुळवून घेईल, हे त्याच्या ऑक्सिजन-आकर्षणावरून ठरते. दर ग्रॅम-रेणू ऑक्सिजनमागे ऑक्साइड बनताना बाहेर पडणारी उष्णता पाहिली, तर ॲल्युमिनियमसाठी ती सुमारे १११७ किलोजूल, टिटॅनियमसाठी ९४४, सिलिकॉनसाठी ९११, क्रोमियमसाठी ७६०, तांब्यासाठी (क्युप्रस ऑक्साइड) ३३७ आणि चांदीसाठी अवघी ६२ किलोजूल आहे. सोन्याचे तर स्थिर असे ऑक्साइड सामान्य परिस्थितीत बनतच नाही. ही क्रमवारी आणि आसंजनाची क्रमवारी ह्यांत ढोबळ मानाने साम्य आढळते. ॲल्युमिनियम व टिटॅनियम हे सिलिकॉनजवळचा ऑक्सिजन काही अंशी हिरावून घेऊ शकतात. क्रोमियम सिलिकेचे क्षपण सहजी करू शकत नाही; पण सीमेवरील ऑक्सिजन-अणूंत सिलिकॉनचा वाटेकरी होण्याइतके आकर्षण त्याच्या ठायी आहे. तांबे, चांदी व सोने हे मात्र उत्तरोत्तर उदासीन होत जातात.

ऑक्सिजनचे हे महत्त्व मॅटॉक्स ह्यांच्या १९६६ मधील प्रयोगांत फार स्पष्टपणे प्रत्ययास आले. सोन्याचा लेप ऑक्सिजनयुक्त विद्युत्‌-विसर्जनात चढविला, तर तेच सोने संगलित सिलिकेवर घट्ट बसते, असे त्यांना आढळले. म्हणजे सोन्याची उदासीनता कायमची नव्हे. सीमेवर क्रियाशील ऑक्सिजन उपलब्ध करून दिला, तर तेही बांधले जाते.

३. क्वार्ट्झचा पृष्ठभाग : तो जसा असतो तसा

क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, असे आपण म्हणतो; पण हे वर्णन त्याच्या अंतरंगास लागू पडते. पृष्ठभागावरील सिलिकॉन-अणूंच्या संयुजा अपुऱ्या राहतात आणि हवेतील पाण्याशी संयोग होऊन तेथे हायड्रॉक्सिल गट बसतात. ह्या सिलिकॉन-हायड्रॉक्सिल जोडीस सायलॅनॉल गट म्हणतात. पूर्णपणे जलयुक्त अशा अस्फटिकी सिलिकेवर दर चौरस नॅनोमीटरला सुमारे ४.६ ते ४.९ सायलॅनॉल गट असतात. सिलिकेचा नमुना कोणताही असो, हा आकडा जवळजवळ तोच राहतो, हे झुरावल्योव ह्यांनी दाखवून दिले आहे. पुढील सर्व संस्कारांचा पाया हे गट होत.

तापमानाचा ह्या गटांवर होणारा परिणाम विद्यार्थ्यांनी नीट ध्यानी घ्यावा. सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत केवळ वर चिकटलेले पाणी निघून जाते. त्यापुढे शेजारशेजारचे दोन सायलॅनॉल गट एकमेकांशी संयोग पावून पाण्याचा एक रेणू बाहेर टाकतात आणि मागे सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा सायलोक्सेन पूल राहतो. ४०० अंशांच्या पुढे तापविलेल्या पृष्ठभागास पुन्हा पाणी दाखविले, तरी गेलेले गट लवकर परत येत नाहीत. म्हणून क्वार्ट्झ ‘अधिक स्वच्छ’ व्हावे ह्या हेतूने ते भट्टीत लाल होईपर्यंत तापविणारा संशोधक मळ तर जाळतोच, पण ज्यांच्या आधारे पुढील बांधणी व्हावयाची ते खुंटेही उपटून टाकतो. स्फटिकी क्वार्ट्झच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे : ५७३ अंशांस त्याचे स्फटिकरूप पालटते आणि त्यापायी चकतीचे नुकसान होऊ शकते.

जलीय द्रावणात ह्या गटांचे आयनीकरण होते. सिलिकेचा समविद्युत्‌ बिंदू पीएच २ ते ३ ह्यांच्या दरम्यान आहे. त्याच्यावर पृष्ठभागावरील विद्युत्भार ऋण असतो. धन आयनांस जवळ खेचण्याचा हा गुण पुढे उपयोगी पडतो.

आता स्वच्छतेविषयी. स्वच्छ सिलिका उघड्या हवेत ठेवली की हवेतील तेलकट हायड्रोकार्बनांचा थर तिच्यावर बसू लागतो. लेप ह्या थरावर बसला, तर तो क्वार्ट्झला नव्हे, मळाला चिकटतो. बिकरमन ह्यांनी अशा दुबळ्या मध्यस्तराच्या कल्पनेवर विशेष भर दिला होता. सांधा तुटतो तो पुष्कळदा खऱ्या सीमेवर नव्हे, तर ह्या दुबळ्या थरात तुटतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेव्हा पहिला संस्कार हा धुण्याचा होय. संहत गंधकाम्लाचे तीन भाग व ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक भाग ह्यांचे मिश्रण सेंद्रिय मळ जाळून टाकते आणि पृष्ठभाग सायलॅनॉलयुक्त करते. हे मिश्रण अत्यंत दाहक असते. ॲसिटोनसारख्या विद्रावकाशी त्याचा संबंध आला, तर स्फोट होऊ शकतो. ते बंद बाटलीत कदापि साठवू नये. वेर्नर केर्न ह्यांनी १९६५ मध्ये सिलिकॉन-चकत्यांसाठी तयार केलेली आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धती तुलनेने सौम्य आहे. तीत अमोनियम हायड्रॉक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड व पाणी ह्यांचे १ : १ : ५ असे मिश्रण ७० ते ८० अंशांस वापरतात. जंबुपार किरण व ओझोन, किंवा ऑक्सिजनचा प्लाझ्मा, हे कोरडे उपाय होत. धुणे यशस्वी झाले की नाही हे ओळखण्याची साधी खूण अशी की, पाण्याचा थेंब पृष्ठभागावर उभा न राहता सपाट पसरतो.

४. पहिला मार्ग : ऑक्सिजनप्रिय धातूचा अंतःस्तर

सर्वांत रूढ उपाय असा : प्रथम क्रोमियमचा अथवा टिटॅनियमचा २ ते १० नॅनोमीटर जाडीचा थर चढवावयाचा आणि निर्वात न मोडता लगेच त्यावर सोने चढवावयाचे. अंतःस्तराची खालची बाजू सिलिकेच्या ऑक्सिजनशी बांधली जाते, वरची बाजू सोन्याशी धातू-बंधाने जोडली जाते. ‘निर्वात न मोडता’ ही अट महत्त्वाची आहे. मध्ये हवा आली, तर क्रोमियमच्या वरच्या बाजूसही ऑक्साइड बनते आणि सोन्यापुढे पुन्हा एक ऑक्साइडच उभा राहतो.

हा उपाय सोपा व खात्रीचा असला तरी त्याचे मोल द्यावे लागते. लेप तापविला असता क्रोमियमचे अणू सोन्यातील कणसीमांच्या वाटेने वर चढतात, पृष्ठभागावर येऊन त्यांचे ऑक्साइड बनते, आणि सोन्याचा विद्युत्‌-रोध वाढतो. ज्या सोन्याचा पृष्ठभाग निष्क्रिय व शुद्ध असावा म्हणून ते निवडले, त्याच पृष्ठभागावर परका धातू येऊन बसतो. विद्युत्‌-रासायनिक प्रयोगांत हा दोष गंभीर ठरतो. प्रकाशीय संवेदकांत निराळी अडचण येते : सोन्यातील इलेक्ट्रॉनांच्या सामुदायिक दोलनांवर जे संवेदक चालतात, त्यांत क्रोमियमचा पातळ थरही प्रकाश शोषून ती दोलने मंदावतो.

५. दुसरा मार्ग : बीजारोपण

निर्वाताची साधने उपलब्ध नसताना द्रावणातून धातू चढविण्याची परंपरा जुनी आहे. लीबिग ह्यांनी १८३५ मध्ये आल्डिहाइडच्या साहाय्याने चांदीच्या लवणाचे क्षपण करून काचेवर आरसा उमटविला. १८५६–५७ च्या सुमारास श्टाइनहाइल व फूको ह्यांनी दुर्बिणीच्या काचेच्या आरशांवर चांदीचा मुलामा देण्यास प्रारंभ केला. ह्या कामी काच आधी स्टॅनस क्लोराइडच्या सौम्य द्रावणात बुडवून काढण्याची पद्धत पुढे रूढ झाली. तिच्यामागील रसायन असे : कथलाचे द्विसंयुजी आयन सायलॅनॉलयुक्त ऋणभारित पृष्ठभागावर चिकटून बसतात. त्यावर चांदीच्या लवणाचे द्रावण येताच कथील इलेक्ट्रॉन देऊन चतुःसंयुजी होते आणि चांदीचे सूक्ष्म कण त्याच जागी अवतरतात. हे कण पुढील वाढीचे बीज होत.

चांदीऐवजी पॅलेडियमचे बीज पेरले, तर ते उत्प्रेरक म्हणून कार्य करते. ब्रेनर व रिडेल ह्यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या विद्युत्‌-विरहित निकेल-लेपनाच्या पद्धतीत हायपोफॉस्फाइटने निकेलचे क्षपण होते. ही क्रिया उत्प्रेरक पृष्ठभागावरच सुरू होत असल्यामुळे क्वार्ट्झसारख्या अवाहकास असे बीज अत्यावश्यक ठरते. कथील व पॅलेडियम एकाच कलिली द्रावणात मिसळण्याची युक्ती चार्ल्स शिप्ली ह्यांच्या १९६१ मधील एकस्वात वर्णिली आहे.

बीजारोपणाने धातू जमतो हे खरे. पण जमणे आणि धरून राहणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. बीजाचे कण विरळ बसतात आणि त्यांखाली कथलाची जलयुक्त संयुगे राहतात. गुळगुळीत क्वार्ट्झवर असा लेप जाड होऊ लागला की ताणामुळे फुगतो. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने पृष्ठभाग खडबडीत करून लेपास यांत्रिक पकड देता येते. पण प्रकाशीय काचेस व उच्च कंप्रतेच्या आंदोलकास हा खडबडीतपणा मारक ठरतो. शिवाय ते आम्ल त्वचेतून खोलवर शिरून प्राणघातक ठरू शकते, हे विसरता कामा नये.

६. तिसरा मार्ग : सायलेन रेणूंचा सेतू

तिसरा मार्ग ह्या सर्वांहून वेगळा आहे. येथे मध्यस्थ धातू नसतो. एक द्विमुखी सेंद्रिय रेणू असतो. काचतंतू व राळ ह्यांचा सांधा बळकट करण्यासाठी १९४० नंतरच्या दशकात अशा रेणूंचा उपयोग होऊ लागला. धातूच्या लेपासाठी त्यांचा विचार पुष्कळ नंतर झाला. १९९१ मध्ये गॉस, चॅरिच व माज्दा ह्यांनी काचेवर सोन्याची विद्युदग्रे बसविण्यासाठी ३-मर्कॅप्टोप्रोपिल ट्रायमेथॉक्सिसायलेन हे संयुग ‘रेणवीय गोंद’ म्हणून वापरून दाखविले.

ह्या रेणूच्या एका टोकास सिलिकॉन-अणूस जोडलेले तीन मेथॉक्सी गट असतात. मधे तीन कार्बन-अणूंची साखळी असते. दुसऱ्या टोकास गंधक-हायड्रोजन असा थायॉल गट असतो. क्रिया तीन पायऱ्यांनी होते. प्रथम पाण्याच्या अल्पांशाने मेथॉक्सी गटांचे जलविश्लेषण होऊन त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल गट येतात व मेथॅनॉल बाहेर पडते. नंतर हे हायड्रॉक्सिल गट क्वार्ट्झवरील सायलॅनॉल गटांशी हायड्रोजन-बंधांनी जुळतात. शेवटी सुमारे १०० ते ११० अंशांस तापविले असता पाणी निघून जाऊन कायमचे सायलोक्सेन बंध बनतात. तिन्ही हात पृष्ठभागास लागतात असे पाठ्यपुस्तकातील आकृत्यांत दाखविलेले असते. परंतु अंतरांचा विचार केला, तर एका रेणूचा बहुधा एखादाच हात खाली टेकतो व उरलेले शेजारच्या रेणूंशी गुंफले जातात. जाळे विणले जाते ते असे. त्यावर सोने आले, की गंधक व सोने ह्यांचा बंध जुळतो.

ह्या बंधाचे बळ किती, त्याचा हिशेब करता येतो. गंधक-सुवर्ण बंधाची ऊर्जा दर ग्रॅम-रेणूस सुमारे १७० किलोजूल, म्हणजे दर बंधास सुमारे २.८ × १०⁻¹⁹ जूल धरू. दर चौरस नॅनोमीटरला चार रेणू दाटीने बसले आणि सर्वांचे बंध जुळले, तर एका चौरस मीटरवर ४ × १०¹⁸ बंध होतील. त्यांची एकूण ऊर्जा सुमारे १.१ जूल येते. निम्मेच बंध जुळले असे मानले, तरी ०.५५ जूल ऊर्जा मिळते. आणि ही केवळ गंधकाची देणगी, मूळच्या ०.२६ जूलाच्या दुपटीहून अधिक आहे. पहिल्या विभागातील हिशेबाशी हे ताडून पाहिले, तर लेप आपल्याच ताणाने सुटण्याची मर्यादा ३०० नॅनोमीटरवरून किती पुढे ढकलली जाते, हे वाचकांस स्वतःच काढता येईल.

ह्या मार्गाचे यश पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून आहे. पाणी अजिबात नसेल, तर जलविश्लेषण होत नाही. ते अधिक झाले, तर सायलेनचे रेणू पृष्ठभागाकडे न जाता द्रावणातच परस्परांशी गुंफून गोळे बनवितात. हे गोळे क्वार्ट्झवर बसले, की बिकरमन ह्यांचा दुबळा मध्यस्तर आपण आपल्या हातांनीच निर्माण केला असे होते. एकरेणवीय थराची जाडी एका नॅनोमीटरच्या आतबाहेर असते. ती कित्येक नॅनोमीटर भरली, तर संस्कार बिघडला असे समजावे. दुसरे पथ्य असे की, थायॉल गट हवेत व विशेषतः ओझोनमध्ये ऑक्सिडीकरण पावून सल्फोनेटात रूपांतरित होतो आणि त्याची सोन्याविषयीची ओढ संपते. म्हणून संस्कार केलेली चकती लवकर लेपनास घ्यावी आणि लेपनापूर्वी तिच्यावर प्लाझ्मा मुळीच फिरवू नये. अल्कली द्रावणात सायलोक्सेन बंध हळूहळू तुटतात. तेथे हा सेतू टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

थायॉलच्या जागी अमिनो गट असलेला सायलेन वापरला, तर आम्लधर्मी द्रावणात तो धनभारित होतो आणि पॅलेडियमचे क्लोराइडयुक्त ऋण आयन त्यास घट्ट चिकटतात. दुसऱ्या मार्गातील बीज अशा रीतीने तिसऱ्या मार्गाच्या सेतूवर पेरता येते आणि कथलाचा दुबळा दुवा वगळता येतो.

७. आसंजनाचे मापन आणि त्याचा अर्थ

चिकटपट्टीची चाचणी १९३० नंतरच्या दशकात निर्वात-लेपनाबरोबरच रूढ झाली. ती सोयीची आहे, पण तिचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. लेप निघाला नाही, तर तो पट्टीच्या गोंदापेक्षा बळकट आहे इतकेच सिद्ध होते. हेव्हन्स ह्यांनी १९५० मध्ये वापरलेली ओरखड्याची चाचणी, जिचा पुढे १९६० च्या सुमारास बेंजामिन व वीव्हर ह्यांनी सखोल अभ्यास केला, ती आकडा देते : वाढत्या भाराखाली गोल टोकाची सुई फिरवून कोणत्या भारास लेप सुटतो ते पाहावयाचे. परंतु ह्या भारात धातूचा कठीणपणा व लेपाची जाडी हीही मिसळलेली असतात.

मापलेली राशी आणि बंधांची ऊर्जा ह्या एकच नव्हेत, ह्याचे उत्तम उदाहरण रामनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या कार्यात मिळते. त्यांनी तांबे व सिलिका ह्यांच्या सीमेवर अशा रेणूंचा थर ठेवून ती रचना ४०० ते ७०० अंशांपर्यंत तापविली. उघड्या पृष्ठभागावरील असा थर ३५०–४०० अंशांपलीकडे टिकत नाही. पण दोन थरांमध्ये कोंडलेला थर टिकला, इतकेच नव्हे तर सायलोक्सेन पुलांची संख्या वाढून सीमेचा चिवटपणा पाचपट झाला आणि दर चौरस मीटरला २० जूलांच्या वर गेला. आपल्या वरील हिशेबातील १.१ जूल कोठे आणि हे २० जूल कोठे? ह्या तफावतीचे कारण असे की, सीमा पुरेशी बळकट झाली म्हणजे ती तुटण्यापूर्वी शेजारचा धातू ताणला जातो आणि त्या विरूपणात पुष्कळ ऊर्जा खर्च होते. बंध हे येथे कुलपासारखे काम करतात. कुलूप मोडले नाही, म्हणून दारास वाकावे लागते.

ह्यावरून प्रयोगकर्त्यास एक नियम सांगता येतो. लेप किती बळाने निघाला, हे विचारण्यापूर्वी तो कोठून निघाला, हे विचारावे. तुटलेल्या दोन्ही बाजू क्ष-किरण प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटाने तपासल्या असता, क्वार्ट्झच्या बाजूस गंधक मिळाले तर गंधक-सुवर्ण बंध तुटला. गंधक व सिलिकॉन धातूच्या बाजूस मिळाले तर सायलोक्सेन बंध तुटला. दोन्हीकडे कार्बनच कार्बन दिसला तर धुण्यात कसूर राहिली, असे अनुमान काढता येते. तीन निदाने, तीन निराळे उपाय.

८. निवड

वर सांगितलेल्या मार्गांपैकी सर्वश्रेष्ठ असा एकही नाही. केवळ विद्युत्‌-संपर्क हवा असेल आणि लेप तापवावयाचा नसेल, तर क्रोमियम वा टिटॅनियमचा अंतःस्तर पुरेसा आहे, आणि त्याहून अधिक खटाटोप करणे व्यर्थ होय. वस्तूचा आकार वेडावाकडा असेल आणि निर्वातात सर्व बाजूंस लेप पोहोचत नसेल, तर बीजारोपण उपयोगी पडते. शक्य तेथे ते अमिनो सायलेनवर करावे. सोन्याची शुद्धता अथवा त्याचे प्रकाशीय गुण हाच प्रयोगाचा प्राण असेल, तेथे थायॉल सायलेनचा मार्ग पत्करावा. मात्र अल्कली द्रावण टाळावे आणि पाण्याचे प्रमाण जपावे.

कोणताही मार्ग घेतला, तरी सूक्ष्मतुलेवरील निष्कर्ष लिहून ठेवण्यापूर्वी एक पडताळा अवश्य घ्यावा. अभ्यासावयाचे द्रव्य न घालता, त्याच द्रावकात, त्याच तापमानास व तेवढाच वेळ आंदोलक चालवून त्याची कंप्रता स्थिर राहते की चढते, ते पाहावे. ती चढू लागली, तर विद्युदग्र निसटत असण्याचा संशय प्रथम घ्यावा, आणि चकती पुन्हा पहिल्या संस्कारास, म्हणजे धुण्यास, घ्यावी.